शिडी, लॅडर, एशेल : अनुवादाचं ॲप नेमकं कुठल्या पायरीवर घसरतं?

देवबागला आमच्या घरी दोन खोल्या पर्यटकांसाठी आहेत. गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून आठवडाभर घरी आले होते (लॅपटॉपसकट, सुट्टी कसली), आणि त्याच आठवड्यात एक फ्रेंच जोडपं राहायला आलं. दोघंही साठीच्या पुढचे. इंग्रजी जेमतेम. पण त्यांच्या हातात फोन, आमच्या हातात फोन, दोन्हींवर अनुवादाचं ॲप. त्यामुळे कोणालाच काळजी नव्हती.

पहिल्याच दुपारी बाई मागच्या अंगणातून आल्या आणि फोन आमच्यापुढे धरला. त्यांनी एकच शब्द टाइप केला होता. खाली मराठीत उत्तर आलं होतं: ‘स्केल’.

माझी चुलत बहीण आठवीत आहे. ती धावत गेली आणि कंपासपेटीतली फूटपट्टी घेऊन आली. बाईंनी मान हलवली. काकांना वाटलं, सकाळी यांनी मासे घेतले असतील, वजन बघायचं असेल. त्यांनी काटा आणला. पुन्हा मान हलली. शेवटी बाईंनी माझा हात धरला आणि मला मागच्या बाजूला नेलं. त्यांची टोपी वाऱ्याने उडून कौलांवर जाऊन बसली होती.

आजी पडवीतूनच ओरडली, “अगो, तिका निसण व्हयी!”

निसण म्हणजे शिडी. संस्कृतातल्या ‘निःश्रेणि’वरून आलेला जुना शब्द, आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून आहे. बाईंनी टाइप केलेला शब्द होता ‘एशेल’. तोही शिडीच.

टोपी मिळाली, सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी मात्र याच प्रकारच्या चुकीमुळे त्यांच्या पायाला लागलं, आणि ती चूक माझी होती. ती सांगते, पण आधी ही फूटपट्टीची भानगड नीट समजून घेऊ. दोन्हींचं मूळ एकच आहे.

एशेल म्हणजे शिडी, आणि बरंच काही

इंग्रजीतल्या ‘लॅडर’ला फ्रेंचमध्ये काय म्हणतात, असं कोणी विचारलं तर पहिलं उत्तर ‘एशेल’. स्त्रीलिंगी शब्द, आपल्या शिडीसारखाच. भिंतीला टेकवून ठेवायची ती एशेल. दोराची असेल तर ‘एशेल द कॉर्द’. पण रंगारी वापरतात ती, दोन्ही बाजूंना पाय असलेली, स्वतःच्या पायावर उभी राहणारी? ती एशेल नाही, तो ‘एस्काबो’. हा पुल्लिंगी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटं स्टूल. आपल्याकडेही रंगारी तिला शिडी म्हणत नाहीत, ‘घोडा’ म्हणतात. आता ‘घोडा आण’ हे वाक्य ॲपमध्ये टाकून बघा. कुठल्याही भाषेत टाका, चार पायांचं जनावर येईल. पाय चारच, तेवढं बरोबर आहे म्हणा.

जिन्याला फ्रेंचमध्ये तिसराच शब्द, ‘एस्कालिए’. मराठीतही शिडी वेगळी, जिना वेगळा. हिंदीत मात्र ‘सीढ़ी’ दोन्हींना चालते. आपल्यापैकी बरेच जण ॲपमध्ये मराठीऐवजी हिंदी टाकतात, कारण हिंदीचा अनुवाद जास्त चांगला येतो असा समज आहे. शिडीच्या बाबतीत मराठीच जास्त नेमकी आहे.

इंग्रजी ‘लॅडर’चे बाकीचे अर्थ घेतले तर फ्रेंच आणखी फाटे फोडते. ब्रिटिश इंग्रजीत बायकांच्या पातळ मोज्यांचा धागा सुटून उभी रेघ पडते, तिलाही ‘लॅडर’ म्हणतात, कारण ती शिडीसारखी दिसते. फ्रेंचमध्ये तिथे शिडीचा पत्ता नाही, ‘माय फिले’ म्हणतात, म्हणजे सुटलेला टाका. नदीवरच्या बंधाऱ्याशेजारी माशांना वर चढता यावं म्हणून टप्पे बांधतात, त्याला इंग्रजीत ‘फिश लॅडर’ म्हणतात. तिथे फ्रेंचमध्येही शिडी आहे, ‘एशेल आ प्वासों’. सापशिडी म्हणजे ‘सेर्पां ए एशेल’. सापशिडी मूळची आपल्याकडची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इंग्लंडात गेली, तेव्हा ही शिडी तरी आपण पुरवली म्हणायची.

मला सगळ्यात आवडला तो ‘कुर्त एशेल’, म्हणजे आखूड शिडी. एखाद्याला भिंतीवर चढायचं असेल तर आपण दोन्ही हातांची ओंजळ करतो, तो त्यात पाय ठेवून वर जातो, ती ही आखूड शिडी. दहीहंडीच्या थरात उभं राहिलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

आता उलट बाजूने बघू. ‘एशेल’चे सगळेच अर्थ इंग्रजीत ‘लॅडर’ होत नाहीत. नकाशाचं प्रमाण म्हणजे एशेल. भूकंपाची रिश्टर मोजपट्टी, तीही एशेल. वाऱ्याचा जोर ० ते १२ आकड्यांत सांगणारी बोफर्ट मोजपट्टी, जी फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये मांडली आणि समुद्रावर जाणाऱ्यांना आजही उपयोगी पडते, तीसुद्धा एशेल. ‘आ ग्रांद एशेल’ म्हणजे मोठ्या प्रमाणावर. आणि नुसतं ‘ला ग्रांद एशेल’ म्हटलं की अग्निशमन दलाची ती भली उंच शिडी.

याचं कारण सोपं आहे. लॅटिनमध्ये ‘स्काला’ म्हणजे शिडी. शिडीला सारख्या अंतरावर पायऱ्या असतात, मोजपट्टीवर सारख्या अंतरावर खुणा असतात. फ्रेंचने दोन्हींना एकच शब्द ठेवला. इंग्रजीत मोजमापाचा अर्थ याच स्कालावरून आलेल्या ‘स्केल’कडे गेला आणि प्रत्यक्ष शिडीसाठी त्यांचा जुना जर्मन घराण्यातला ‘लॅडर’ शिल्लक राहिला. ‘एस्कलेटर’चं मूळही हेच. खेळातल्या गिर्यारोहणाला फ्रेंचमध्ये ‘एस्कालाद’ म्हणतात, पूर्वी त्याचा अर्थ शिड्या लावून किल्ल्याच्या तटावर चढणं असा होता. आपल्या जुन्या कागदपत्रांत गडाला ‘माळ लावणे’ येतं ना, तेच. माळ म्हणजे दोराची शिडी.

बंदरावरच्या माणसाला यातली एक गोष्ट खास वाटेल. जहाज प्रवासात मध्येच एखाद्या बंदरात थांबलं की फ्रेंच लोक त्या थांब्याला ‘एस्काल’ म्हणतात. हाही शब्द शिडीवरूनच, इटालियनमधून आलेला. जहाजाला शिडी लागली, माणसं उतरली, म्हणजे थांबा. आज विमानाच्या थांब्यालाही तोच शब्द चालतो.

मग फूटपट्टी का आली?

बाईंनी एकच शब्द टाइप केला होता, पुढेमागे काही नाही. एकटा ‘एशेल’ समोर आला की ॲप एकच विचार करू शकतं: लिखित मजकुरात हा शब्द बहुतेक वेळा कुठल्या अर्थाने येतो? वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, कंपन्यांचे कागद यांत शिड्या फार कमी असतात. ‘मोठ्या प्रमाणावर’, ‘जागतिक प्रमाणावर’ हे मात्र पानोपानी. म्हणून एशेलचं ‘स्केल’ झालं.

आणि स्केल म्हटलं की इंग्रजीत आणखी गर्दी. फूटपट्टी स्केल, वजनाचा काटा स्केल, माशाचे खवलेही स्केल. गंमत अशी की या तिघांची मुळंसुद्धा एक नाहीत. मोजपट्टीवाला स्केल लॅटिन शिडीचा. वजनाचा स्केल जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वाडगा’ या अर्थाच्या शब्दाचा, म्हणजे तराजूचं पारडं. खवल्यांचा स्केल टरफलाचा. तीन वेगळ्या घरचे पाहुणे, इंग्रजीत एकाच नावाने राहतात. मराठीत फूटपट्टी, काटा, खवला. फ्रेंचमध्ये रेग्ल, बालांस, एकाय. दोन्ही भाषांकडे वेगवेगळे शब्द आहेत, घोळ होतो तो मधल्या इंग्रजीत.

इथे तुम्ही विचाराल, फ्रेंचमधून मराठीत जायचं होतं, इंग्रजी आली कुठून?

मधला पूल

अनुवादाचं यंत्र शिकतं ते जोडवाक्यांवरून. एकच मजकूर दोन भाषांत असला पाहिजे, तोही थोडाथोडका नाही, लाखो-करोडो वाक्यं. इंग्रजी-फ्रेंच जोडीला याची कधीच ददात नव्हती. कॅनडाच्या संसदेचं कामकाज दोन्ही भाषांत छापलं जातं. १९९० च्या आसपास आयबीएमच्या संशोधकांनी संख्याशास्त्रावर चालणारा अनुवाद पहिल्यांदा उभा केला तो या कामकाजाच्याच जिवावर. पुढे युरोपीय संसदेच्या कामकाजाची भर पडली.

मराठी-फ्रेंच जोडीला असं काय आहे? काही कथा-कादंबऱ्यांचे अनुवाद, थोडे शब्दकोश. देवबागच्या ग्रामपंचायतीचा ठराव फ्रेंचमध्ये कोण करणार! मराठी-इंग्रजी मात्र त्या मानाने पुष्कळ. मग जुनी, सोयीची युक्ती: मराठीतून इंग्रजीत जायचं, इंग्रजीतून फ्रेंचमध्ये. कर्ली नदी पलीकडे जायची तर जवळचा पूल शोधायचा, तसंच.

नवी मॉडेल्स अनेक भाषा एकत्र शिकतात आणि इंग्रजीचं वाक्य न बनवताही अनुवाद करू शकतात. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असं करून दाखवलं होतं. पण त्या मॉडेलचं शिक्षणच मुख्यतः इंग्रजीच्या जोड्यांवर झालेलं असेल तर इंग्रजीच्या सवयी आत शिरतातच. मराठीचं वयही इथे लहान आहे. गूगल ट्रान्सलेट २००६ ला सुरू झालं, त्यात मराठी आली २०१३ मध्ये. न्यूरल पद्धत फ्रेंचला नोव्हेंबर २०१६ मध्येच मिळाली, मराठीला एप्रिल २०१७ मध्ये. कोकणी आली ती २०२२ ला.

तुमचं ॲप पुलावरून जातं का, हे तपासणं सोपं आहे. मराठी वाक्य थेट फ्रेंचमध्ये करून बघा. मग तेच वाक्य आधी इंग्रजीत करा आणि ते इंग्रजी वाक्य फ्रेंचमध्ये. दोन्ही उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली तर समजायचं काय ते. मी हे केलं, पण उशिरा, बाईंच्या पायाला बर्फ लावून झाल्यावर.

तिसरी पायरी

काकांची पर्यटकांची होडी आहे. डॉल्फिन बघायला बाहेर जायचं, मग नदी समुद्राला मिळते तो संगम, आणि शेवटी त्सुनामी आयलंड म्हणतात त्या वाळूच्या बेटावर उतरायचं. असे तीन टप्पे. उतरायला होडीच्या कडेला अडकवायची लोखंडी शिडी. खाऱ्या पाण्यात लोखंड किती टिकणार? तिच्या तिसऱ्या पायरीचं एका बाजूचं वेल्डिंग सुटलं होतं. वेल्डरला मालवणातून यायला दोन दिवस लागणार होते आणि हंगाम तर ऐन भरात. काका मला म्हणाले, “तू इंजिनेर मा? मगे फ्रेंचात एक पाटी करून दी.”

मी दोन मिनिटांत करून दिली. ॲपमध्ये मराठी लिहिलं: ‘तिसरी पायरी तुटली आहे. तिथे पाय ठेवू नका.’ फ्रेंच आलं, पुठ्ठ्यावर मार्करने उतरवलं, होडीवर लावलं. उलटं मराठीत आणून बघावं, एवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी पाटी वाचली, काकांकडे बघून मान डोलावली, होडीत बसले. डॉल्फिन झाले. संगमाजवळ उथळ पाण्यात उतरताना बाईंनी वजन टाकलं ते नेमकं तिसऱ्या पायरीवर. पायरी फिरली, पाय आत गेला, नडगी लोखंडावर घासली. हाड वाचलं. सूज मात्र चांगलीच आली आणि पुढचे दोन दिवस त्या पडवीतच बसून होत्या.

मी विचारलं, पाटी वाचली होती ना? हो म्हणाल्या. मग काय समजलात? त्यांनी फोनमध्ये लिहिलं आणि मराठीत उत्तर आलं: बेट आज बंद आहे.

माझ्या पाटीवर फ्रेंचमध्ये लिहिलं होतं: ‘ला त्र्वाझिएम एताप ए कासे.’ एताप म्हणजे टप्पा, प्रवासातला किंवा कामातला. पुढचं वाक्य होतं ‘नी मेते पा ले पिए’. शब्दशः त्यात पायच आहेत, पण बोलण्यात त्याचा अर्थ होतो ‘तिकडे फिरकू नका’. म्हणजे त्यांनी वाचलं ते असं: तिसरा टप्पा बिघडला आहे, तिकडे जाऊ नका. कार्यक्रमातला तिसरा टप्पा म्हणजे वाळूचं बेट. वाळू सरकते, बेटाचा आकार बदलतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. सगळं कसं फिट्ट बसलं! अनुवाद धड वाचता येण्यासारखा नसता तर त्यांनी निदान विचारलं असतं. तो वाचता येत होता, अर्थही लागत होता, म्हणूनच त्या बिनधास्त उतरल्या.

घोळ कुठे झाला ते आता दिसेल. मराठी ‘पायरी’चं इंग्रजी ‘स्टेप’. इंग्रजी ‘स्टेप’ म्हणजे पायरी, पाऊल, टप्पा, कृतीतला एक भाग. ‘तिसरी स्टेप’ म्हटलं की रेसिपी आठवते, फॉर्म भरणं आठवतं, ॲप इन्स्टॉल करणं आठवतं. इंटरनेटवर सगळीकडे हेच, म्हणून फ्रेंचमध्ये ‘एताप’. खरं तर फ्रेंचकडे पायरीसाठी नेमके शब्द आहेत. जिन्याची किंवा सपाट पाटाची पायरी ‘मार्श’. शिडीचा आडवा गोल दांडा ‘बारो’. त्यालाच ‘एशलों’ही म्हणतात, पण हा शब्द पदाच्या, पगाराच्या श्रेणीलाही चालतो.

मराठीने नेमकं सांगितलं, फ्रेंचला नेमकं सांगता येत होतं, आणि मधल्या पुलावर सगळं एका ढोबळ शब्दात कोंबलं गेलं. काल ‘स्केल’चं झालं तेच आज ‘स्टेप’चं. काल फूटपट्टी आली, आज पाय गेला असता.

आजूबाजूचे शब्द

या सगळ्यात यंत्राला दोष द्यावा का? माझ्या मते अर्धाच. मी वाक्यात ‘शिडी’ हा शब्द लिहिलाच नव्हता. शिडी माझ्या डोळ्यांसमोर होती, मग लिहायची कशाला? ॲपच्या डोळ्यांसमोर काय होतं, हा विचार मी केला नाही.

वॉरन वीव्हर नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ मध्ये, यंत्राने अनुवाद करता येईल का यावर एक टिपण लिहिलं. त्यात तो म्हणतो, पुठ्ठ्याला एकाच शब्दाएवढं भोक पाडा आणि त्यातून पुस्तक वाचा, तर शब्दाचा कुठला अर्थ घ्यायचा हे कळणार नाही. भोक थोडं रुंद करा, शेजारचे दोनचार शब्द दिसू द्या, की कळायला लागतं.

आपण हेच करतो, नकळत. ‘पायरी पिकली’ ऐकलं की आंबा. ‘पायरी तुटली’ ऐकलं की जिना नाहीतर शिडी. ‘पायरी सोडून बोलू नकोस’ ऐकलं की आईचा राग. शब्द एक, पण शेजारी कोण बसलंय यावर अर्थ ठरतो. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘अटेन्शन’वर उभी असलेली ट्रान्सफॉर्मर नावाची रचना मांडली, आजच्या चॅटबॉटचं मूळ तेच, आणि तिची पहिली परीक्षा अनुवादावरच झाली: इंग्रजी-जर्मन आणि इंग्रजी-फ्रेंच. यात प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरवताना वाक्यातल्या बाकीच्या प्रत्येक शब्दाकडे किती लक्ष द्यायचं, याचा हिशोब होतो. ‘पायरी’शेजारी ‘शिडी’ असेल तर तिचा जोर मोठा, आणि ‘टप्पा’ हा अर्थ मागे पडतो. वीव्हरचं भोकच ते, फक्त आता वाक्याएवढं, उताऱ्याएवढं रुंद झालंय. पण भोकातून दिसायला तिथे काहीतरी असावं लागतं ना.

त्या रात्री मी एकच शब्द वाढवून बघितलं: ‘शिडीची तिसरी पायरी तुटली आहे.’ एताप गेला, ‘मार्श द लेशेल’ आलं, शिडीची पायरी. एका शब्दाने. बाईंना दाखवलं. त्यांनी पेन घेऊन ‘मार्श’ खोडलं, ‘बारो’ लिहिलं आणि बोटांनी हवेत गोल दांडा काढून दाखवला. दुसऱ्या वाक्यातही दुरुस्ती केली: ‘तिथे’ नको, ‘त्याच्यावर’ म्हण. आता त्या फ्रेंचचा अर्थ झाला ‘त्या दांड्यावर पाय टेकवू नका’. आता त्यात बेट कुठून येणार?

तुमच्या फोनवर काय करता येईल

तेव्हापासून मी स्वतः जे करते ते सांगते. एकटा शब्द कधीच टाकत नाही. ‘शिडी’ऐवजी ‘छपरावर चढायला शिडी हवी’ लिहिते. ‘तो’, ‘ती’, ‘तिथे’ टाळून वस्तूचं नाव पुन्हा लिहिते, वाक्य शाळकरी वाटलं तरी चालेल. आलेलं उत्तर उलटं मराठीत आणून बघते. पण उलट्या अनुवादावर पूर्ण भरवसा नको, कारण तो त्याच पुलावरून परत येतो. एतापची पुन्हा ‘स्टेप’, ‘स्टेप’ची पुन्हा ‘पायरी’, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. माझ्या पाटीचं मी नंतर असं करून पाहिलं तेव्हा मराठी अगदी बरोबर आली! म्हणून मुख्य नामाचं चित्र शोधायचं. ‘एताप’ टाकून चित्रं बघितली असती तर नकाशे आणि सायकल शर्यतीचे टप्पे दिसले असते, शिडी एकही नाही. यात पाच सेकंद जातात.

काही ॲप्समध्ये एकच शब्द दिला की खाली बाकीचे अर्थही दिसतात, ते बघायची सवय लावा. रेंज जाणार असेल, आणि आमच्या समुद्रात ती जाते, तर भाषा आधीच घरी वायफायवर डाउनलोड करून ठेवा. ऑफलाइन मॉडेल फोनमध्ये मावावं म्हणून छोटं केलेलं असतं, तिथे वाक्य आणखी सोपं ठेवा. मात्रा तपासा: ‘शिडाची होडी’ आणि ‘शिडीची होडी’ यांत एका मात्रेचा फरक, पण पहिल्यात ॲप होडीला पाल चढवेल आणि दुसऱ्यात पायऱ्या लावेल. बोलून टाइप करत असाल तर हे जास्तच होतं.

आणि मालवणी बोलायची असेल तर ॲप बंद करा. मी ‘निसण’ टाकून बघितलं. त्याला ते कोणाचं तरी नाव वाटलं, फ्रेंचमध्ये जसंच्या तसं उतरवलं, एखाद्या गाडीच्या कंपनीचं वाटावं असं. आवाजी टायपिंगमध्ये आजीकडून म्हणवून घेतलं तर त्याने ‘नेसण’ लिहिलं, आणि समोरून साडीबद्दलचं काहीतरी आलं. आजीने फोनकडे असं बघितलं की बस.

जिथे चुकलं तर कोणाला लागू शकतं तिथे शब्दांवर विसंबू नये, हे मला काकांनी शिकवलं, तेही न बोलता. मी खोलीत बसून ‘बारो’ की ‘मार्श’ करत होते तेवढ्यात त्यांनी लाल रंगाचा डबा आणला आणि तुटकी पायरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल केली. वर नायलॉनच्या दोरीने आडवी फुली बांधली. माझी दुरुस्त केलेली पाटी तिच्या बाजूला लावली. दोन दिवसांनी वेल्डर आला, पायरी पक्की झाली, दोरी सुटली. लाल रंग अजून आहे आणि प्रत्येक नवा पर्यटक त्या पायरीवर पाय ठेवायच्या आधी काकांकडे बघतो.